आधी अडवणूक, मग भरपाई

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे, माझे बालपण कापसाच्या घरात गेले. पुढे पांढरकवड्यात करसल्लागार म्हणून काम सुरू केले. विक्रीकर, व्हॅट, व्यवसाय कर आणि आता जीएसटी या साऱ्यांची विवरणपत्रे मी किराणा दुकानदार, जिनिंगवाले, डाळमिलवाले, कृषी केंद्रवाले यांच्यासाठी भरत आलो. तिजोरीत पैसा कसा जातो हे धंद्यामुळे कळले आणि तो गावात कोणत्या रूपाने परत येतो हे शेतीमुळे.

मी खुल्या बाजाराच्या बाजूचा आहे. सरकार नसावे असे मला वाटत नाही. न्यायालय, पोलीस, रस्ते, पाणी, रोगराईपासून संरक्षण आणि गरिबाच्या मुलाचे शिक्षण यांवर सरकारने मनापासून खर्च करावा. पण माणसाने काय पिकवावे, कुणाला विकावे, कोणत्या भावाने विकावे, हे त्याच्यावर सोडावे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचा एकूण खर्च ७ लाख कोटी रुपयांवर गेला. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे रोजचा कारभार चालवण्यातच ४५,८९१ कोटींची तूट. एवढा पैसा खर्चूनही माझ्या तालुक्यातल्या कापूस उत्पादकाचे हात मोकळे का राहत नाहीत, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर शीर्षकात आहे. सरकारच्या खर्चाचा मोठा भाग हा सरकारनेच आधी केलेल्या अडवणुकीची भरपाई असतो. ते मला कसे उमगले, ते क्रमाने सांगतो.

१. घेणारा एकच असेल, तर भाव मिळत नाही, हुकूम मिळतो

१९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. १९७२-७३ च्या हंगामापासून शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी यंत्रणेखेरीज कुणालाही विकण्याची मुभा राहिली नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापारी वजनात मारत, भाव पाडत, उधारीत अडकवत. त्या तावडीतून शेतकरी सुटावा, अशी योजना आणणाऱ्यांची इच्छा होती आणि हमीभावाचा सुरुवातीला आधारही वाटला.

पण खरेदी केंद्रावर काय चाले, ते मी लहानपणी पाहिले आहे. बंड्यांची रांग लागे. माणसे थंडीत बंडीखाली झोपत, बैलांचा कडबा घरून येई. ग्रेडर ठरवील ती प्रत. चांगला वेचलेला कापूस एक प्रत खाली ढकलला गेला, तरी तक्रार कुणाकडे करणार? दुसरा घेणारा कायद्यानेच ठेवला नव्हता. चुकारा हप्त्याहप्त्याने येई. त्यातून सोसायटीचे कर्ज आधी वळते होई, भांडवल निधी आणि चढउतार निधी कापला जाई. पिकवणाऱ्याच्या हातात काय पडेल, हे सोडून बाकी सगळ्याची तरतूद नियमांत होती.

आमचा भाग सीमेवरचा. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा बाजार. तिकडे भाव चढले की इकडचा कापूस रात्री आडवाटेने निघे. नाक्यावर पकडला गेला तर जप्ती. स्वतःच्या रानातला माल विकणारा माणूस कायद्याच्या नजरेत तस्कर ठरत होता. उलट, बाहेर भाव पडले की परराज्यातला कापूस आपल्या केंद्रांवर येई, कारण इथला हमीभाव वरचा असे. तेजीत माल सरकारच्या हातून निसटायचा, मंदीत सगळ्यांचा माल सरकारच्या गळ्यात पडायचा. अशा व्यवहारात तोटा अटळ होता. तो हजारो कोटींत गेला आणि शेवटी २००२ च्या हंगामात खासगी खरेदीला वाट मोकळी करावी लागली.

त्यानंतर आमच्या भागात जिनिंग वाढल्या, खेडा खरेदीवाले दारात येऊ लागले, रोख पैसे मिळू लागले. काटा मारणारे व्यापारी आजही आहेत. फरक इतकाच, की आज त्यांना सोडून दुसऱ्याकडे जाता येते. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते तेव्हा तेही अनेकांपैकी एक असते, आणि तसे असणेच योग्य आहे. शेतकऱ्याचे खरे संरक्षण दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अस्तित्वात आहे.

२. दोन्ही हातांचा हिशेब एकाच पानावर मांडावा

शरद जोशींनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली आणि त्या शेतीच्या हिशेबातून शेतकरी संघटनेचा विचार उभा केला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा विदर्भातल्या भिंतींवर वाचत आमची पिढी वाढली. त्यांनी 'उणे सबसिडी' हा विचार गावोगाव नेला. खत, वीज, कर्ज यांवर सरकार शेतकऱ्याला काही रुपये देते, पण निर्यातबंदी, सक्तीची खरेदी, वाहतुकीवरची बंधने यांतून भाव पाडून त्याहून कितीतरी अधिक काढून घेते. वजाबाकी केली तर शेतकरी घेणारा ठरत नाही, देणारा ठरतो.

हा विचार मी पुढे शेतीबाहेरही लावून पाहिला आणि तो सगळीकडे लागू पडला. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले आणि तेच सरकार ज्येष्ठांच्या व महिलांच्या सवलतीची रक्कम एसटीला देणे लागते. शेतीपंपाची वीज स्वस्त ठेवण्यासाठी कारखान्याच्या विजेचा दर चढा ठेवला जातो. मग त्या दराने विदर्भ-मराठवाड्यातले कारखाने शेजारच्या राज्यांपुढे टिकत नाहीत म्हणून २०१६ पासून त्यांना वीजदरात वेगळी सवलत तिजोरीतून दिली जाते. अडवणुकीचा खर्च एका खात्यात, भरपाईचा खर्च दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही चालवायला दोन यंत्रणा.

नव्या योजनेची जाहिरात पाहिली की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: हिची गरज कोणत्या जुन्या नियमामुळे निर्माण झाली? तो नियम काढला तर योजनेचे किती काम उरेल? बहुतेक वेळा फार थोडे उरते.

३. तात्पुरता कर परत जात नाही

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली. वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता. मागेल त्याला काम देण्याची हमी देणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचे नाव झाले, ते रास्तच होते. त्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी थोडा भार उचलावा, ही त्यामागची कल्पना सुंदर होती आणि लोकांनी ती आनंदाने मानली.

२००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि अकुशल मजुरीचा मोठा भार केंद्राने घेतला. व्यवसाय कर मात्र तसाच राहिला. राज्यघटनेने घातलेली वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा हीच त्याची कमाल. पगारदाराकडून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. रक्कम लहान दिसते, पण तिच्यासाठी दोन-तीन नोकर ठेवणाऱ्या दुकानदारालाही वेगळी नोंदणी, वेगळे चलन, वेगळे विवरणपत्र आणि उशीर झाला की विलंब शुल्क. कराइतकाच खर्च तो भरण्याच्या खटपटीत होणारे अनेक छोटे धंदे माझ्या फायलींत आहेत.

२०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला गेला. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. अधिभार काढला गेला नाही, २०१७ मध्ये पेट्रोलवरचा अधिभार उलट वाढला.

संकटासाठी कर घेणे गैर नाही. पण अशा प्रत्येक कराच्या कायद्यातच त्याची शेवटची तारीख लिहिलेली असावी. मुदत वाढवायची असेल तर विधानसभेत पुन्हा कारण सांगून मत घ्यावे. ज्या कारणासाठी लोकांनी पैसे दिले ते कारण संपल्यावरही वसुली चालू राहते, तेव्हा पुढच्या खऱ्या संकटात लोकांचा विश्वास कमी झालेला असतो.

४. दर वाढला म्हणजे उत्पन्न वाढले असे नाही

करोनाच्या पहिल्या लाटेत घरांचे व्यवहार थंडावले होते. १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले. मुंबईत ५ चे २ टक्के झाले. डिसेंबरअखेर ही सवलत होती, पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची ठेवली. एकट्या मुंबईत त्या डिसेंबरात साडेएकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. पुढे ढकललेले आणि अलीकडे ओढलेले व्यवहार त्यात होते, हे मान्य. तरीही त्या महिन्यांनी एक गोष्ट उघड केली: शुल्क हा व्यवहाराच्या वाटेतला अडसर असतो आणि तो कमी केला की थांबलेली माणसे पुढे येतात. सुतार, रंगारी, वायरमन, फर्निचरवाला यांचे काम त्या दस्तामागून सुरू होते.

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात दाखवून दिले होते, की दुष्काळाने लोक होरपळलेले असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहेत. मिठावरचा कर कमी करा, गरीब अधिक मीठ वापरेल, हे ते सातत्याने मांडत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला, आणि मिठाचा खप वाढला. गोखले आकड्यांनी बोलत, पण त्या आकड्यांमागे मीठ जपून वापरणारे घर त्यांना दिसत असे. खुल्या बाजाराच्या विचाराची आपल्याकडची परंपरा ही अशी, गरिबाच्या बाजूने सुरू झालेली आहे.

माझ्या व्यवसायात मी पाहतो ते हेच. दर माफक आणि नियम सोपा असेल तर दुकानदार पक्के बिल करायला स्वतःहून तयार होतो. दर चढा आणि नियम गुंतागुंतीचा झाला की कच्ची चिठ्ठी सुरू होते आणि प्रामाणिक माणूस स्पर्धेत मागे पडतो.

५. नाक्यावर गेलेला वेळ हाही करच. पण नाका गेल्यावर हिशेबही गावाबाहेर गेला

आमच्या गावाला जकात नाका होता. मालाची गाडी थांबे, बिल्टी बघितली जाई, मालाच्या किमतीवरून वाद होई, पावती फाटे. भाजी नासायची, बर्फ वितळायचा, हमाल बसून राहायचे. नगरपालिकेच्या खात्यात जेवढी रक्कम जमा होई, त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या थांब्यात होई आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जात नसे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. महापालिकांमध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती. नाके उठले तेव्हा ट्रकवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आयुष्यातले किती तास मोकळे झाले, हे मी जवळून पाहिले.

पण दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. जकात गेली आणि नगरपालिका मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहिल्या. घरपट्टीची फेरआकारणी करायला नगरसेवक कचरतात, कारण मतदार समोर भेटतो. अनुदान मागायला मात्र अडचण नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात १८३३ नंतरची स्थिती तपासली आहे. पैसा उभा करण्याची जबाबदारी केंद्राची आणि खर्च करणारे प्रांत, अशी रचना असताना काटकसरीत कुणालाच रस राहिला नव्हता. आज राज्य आणि नगरपालिका यांच्यात तेच घडते आहे. जो खर्च करतो त्यानेच लोकांसमोर उभे राहून कर मागितला पाहिजे. नळपट्टी वाढवणाऱ्याला नळाला पाणी का येत नाही, हे विचारता येते. अनुदानाच्या पाण्याबद्दल जाब कुणाला विचारायचा?

६. फुकटच्या विजेचा ग्राहक नसतो, लाभार्थी असतो

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाऊ लागले. मीटर नाही, म्हणून किती वीज वापरली याचा हिशेब नाही. मग गळती किती, चोरी किती आणि शेतीचा वापर किती, हेही कुणाला नेमके सांगता येईना. २००४ च्या निवडणुकीपूर्वी शेतीची वीज मोफत जाहीर झाली, २००५ मध्ये ती सवलत मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी पुन्हा मोफत वीज आली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये, असा तो हिशेब मांडला गेला.

शेतकऱ्याला यातून मिळाले काय? हरभऱ्याला पाणी द्यायचे तर वीज रात्री. आमच्या भागाला टिपेश्वर अभयारण्य लागून आहे, वाघाचा वावर आहे, रानडुकरे आहेत, साप आहेत. बॅटरी घेऊन अंधारात ओलित करणारा माणूस जिवावर उदार होऊन जातो. डीपी जळाली की वर्गणी काढून, हातापाया पडून दुरुस्त करून घ्यावी लागते आणि तोवर पीक वाळते. तक्रार केली की 'बिल तरी भरता का?' हा प्रश्न तयार असतो. ज्या सेवेची किंमत आपण देत नाही, ती चांगली नसली तर जाब विचारण्याची ताकद आपण गमावतो.

माझ्या ओळखीचे कष्टाळू शेतकरी सांगतात, की दिवसा आठ तास पूर्ण दाबाची वीज द्या, आम्ही युनिटप्रमाणे पैसे देतो. सौर ऊर्जेतून दिवसा वीज देण्याची जी धडपड चालू आहे ती योग्य दिशेची आहे. तिच्याबरोबर मीटरही आला पाहिजे. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्या खात्यात थेट पैसे द्या, पण विजेला तिची किंमत राहू द्या.

७. दहा कोनशिलांपेक्षा एक पूर्ण काम मोलाचे

गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि खर्चाचा आकडा पुढे साडेअठरा हजार कोटींच्या घरात गेला. महागाई, पुनर्वसन, संकल्पनेतले बदल ही कारणे आहेतच. पण मूळ दुखणे असे, की एकाच वेळी शेकडो कामे सुरू करायची आणि प्रत्येकाला थोडे थोडे पैसे द्यायचे. त्यामुळे कुठलेच काम वेळेवर होत नाही. धरण होते, कालवा नसतो. कालवा होतो, पोटचाऱ्या नसतात. दरम्यान एक पिढी कोरडवाहू शेती करून थकून जाते.

सिंचन, रस्ते, पूल ही कामे सरकारनेच करावी लागतात, हे खुला बाजार मानणाराही मान्य करतो. म्हणूनच त्यांच्याविषयी अधिक कडक राहावे लागते. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत त्याच खोऱ्यात नवे काम घेऊ नये, असा नियम विधिमंडळाने स्वतःला घालून घ्यावा.

८. रोख मदत चांगली, पण ती जुन्याच्या जागी हवी

जुलै २०२४ पासून राज्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये महिलांच्या खात्यात येऊ लागले. माझ्या विचाराच्या अनेक मित्रांनी त्यावर सरसकट टीका केली. मी तशी करत नाही. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्या पैशातून शेळी घेतली, शिलाई मशीनचा हप्ता भरला, मुलीची शिकवणी लावली. आपल्या घराला काय हवे, हे मंत्रालयातल्या कुणापेक्षा त्यांना अधिक कळते. वस्तू वाटण्यापेक्षा रोख देणे हे माणसाच्या निवडीचा मान राखणारे आहे, मधली गळती टाळणारे आहे. गरिबाला मदत करायचीच, तर ती अशीच करावी.

माझा आक्षेप दुसरा आहे. २०२५-२६ साठी या एका योजनेची तरतूद ३६,००० कोटी आणि त्याच वर्षीची महसुली तूट ४५,८९१ कोटी. जुनी एकही मोठी योजना बंद न करता नवी तिच्या डोक्यावर ठेवली गेली. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. उरलेल्यातून हे भागत नाही, म्हणून कर्ज काढले जाते. कर्ज फेडणार कोण? ज्या बहिणीच्या खात्यात आज पैसे जमा झाले, तिचीच मुले. २००५ मध्ये महाराष्ट्राने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, तो याच विचाराने, की आजच्या पिढीने उद्याच्या पिढीच्या नावावर खर्च करू नये.

राज्यात एकाच माणसासाठी एकाच हेतूच्या कितीतरी योजना वेगवेगळ्या खात्यांत चालतात. त्या एकत्र करून, त्यांची कार्यालये कमी करून, खऱ्या गरजूला आजच्यापेक्षा जास्त रोख देता येईल. गरिबांबद्दल खरी कळकळ असेल, तर हे कठीण काम कुणीतरी हाती घेतले पाहिजे.

९. मोठ्या उद्योगाला सवलत म्हणजे खुला बाजार नव्हे

खुल्या बाजाराचे नाव घेतले की लोकांना कंपन्यांची आठवण होते. वास्तविक बाजार खुला असला की कंपनीला आपले गिऱ्हाईक रोज कमवावे लागते आणि चुकीची किंमत स्वतः मोजावी लागते. दाभोळ वीज प्रकल्पात नेमके उलटे झाले. स्पर्धात्मक निविदा न मागवता १९९३ मध्ये करार झाला. विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधला गेला, वीज घेतली नाही तरी वीज मंडळाने ठरलेली रक्कम द्यायची होती, आणि वर सरकारची हमी. १९९९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. नफा खासगी ठेवून जोखीम जनतेच्या माथी मारणारा तो व्यवहार होता. त्याचा दोष खुल्या बाजाराला देणे अन्यायाचे आहे, कारण बाजाराची पहिली अट, म्हणजे स्पर्धा, तिथे पाळलीच गेली नव्हती.

महाराष्ट्रात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. दर काही वर्षांनी तिचे नवे रूप येते. मोठा प्रकल्प दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून खास सवलती दिल्या जातात. आमच्या तालुक्यातल्या डाळमिलवाल्याला त्यातले काही मिळत नाही, आणि तो मागतही नाही. त्याला हवी असते खंड न पडणारी वीज, एका खिडकीवर मिळणारी परवानगी, अडलेला जीएसटी परतावा आणि मालाची गाडी जाईल असा रस्ता. हे सगळ्यांना सारखे दिले तर कुणाला खास काही द्यावे लागणार नाही. सरकारने घोडा निवडू नये, मैदान सपाट करावे.

१०. अर्थसंकल्प वाचायला शिकावे आणि आमदाराला तीन प्रश्न विचारावेत

दरवर्षी मार्चच्या सुमारास वर्तमानपत्रांत काय स्वस्त, काय महाग, एवढेच येते. अर्थसंकल्पाबरोबर संक्षिप्त पुस्तिकाही निघते. ती मराठीत असते, सर्वांना मिळते आणि दहावी झालेल्या माणसाला थोड्या सरावाने समजते. आमच्याकडे कृषी केंद्राच्या ओट्यावर आम्ही ती मिळून वाचतो. सुरुवातीला फक्त आपल्या जिल्ह्याच्या नावापुढचा आकडा शोधला जातो. हळूहळू व्याजाचा आकडा दिसू लागतो, अर्थसंकल्पात दाखवलेली तरतूद आणि प्रत्यक्षात झालेला खर्च यांतले अंतर दिसू लागते, पुरवणी मागण्या म्हणजे काय ते कळते.

त्या वाचनातून आम्ही तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणत्याही पक्षाचा आमदार किंवा उमेदवार आला की तेच विचारतो. तुम्ही सांगता त्या नव्या खर्चासाठी कोणता जुना खर्च बंद करणार? या वर्षी कोणता कर, कोणती परवानगी किंवा कोणते बंधन तुम्ही कायमचे काढून टाकणार? आणि तालुक्यातले अर्धवट पडलेले कोणते काम, कोणत्या तारखेला पूर्ण करणार? पहिल्यांदा उत्तरे येत नाहीत. पण पुढच्या वेळी तो माणूस तयारी करून येतो, हे आम्ही अनुभवले आहे. मागणी बदलली की राजकारणही बदलते.

आपण सरकारकडे आजवर अनुदान, माफी, हमी आणि सवलत मागत आलो. त्यातले जे मिळाले ते उशिरा मिळाले, अपुरे मिळाले आणि आपल्याच पैशातून मिळाले. पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याच्या हाती खरा फरक पडला तो २००२ मध्ये, जेव्हा त्याला आपला कापूस हव्या त्या माणसाला विकण्याची मुभा मिळाली. तिजोरीतून एक रुपयाही खर्च न होता मिळालेली ती सर्वांत मोठी मदत होती. अशा आणखी कितीतरी मुभा अजून सरकारच्या हातात अडकून आहेत. पुढच्या वेळी काही मागायचे झाले, तर आधी त्या मागू.